दिल्ली ते दौलताबाद : एका राजधानीचे स्थलांतर

एखादा आदेश सकाळी निघावा आणि संध्याकाळी तो मागे घेतला जावा, असे घडले की मराठी वृत्तपत्रांत 'तुघलकी कारभार' असा मथळा हमखास झळकतो. हा शब्दप्रयोग तुम्हीही कधी ना कधी ऐकला असेल, कदाचित वापरलाही असेल. लहरी, मागचापुढचा विचार न करता केलेला कारभार, असा त्याचा अर्थ. ज्याच्या नावावरून तो रूढ झाला, तो महंमद बिन तुघलक हा दिल्लीचा सुलतान. त्याने १३२५ ते १३५१ या काळात राज्य केले. त्याच्या अनेक निर्णयांपैकी लोकांच्या स्मरणात सर्वाधिक राहिला, तो राजधानी दिल्लीहून देवगिरीला नेण्याचा. राजधानी जेथून हलली, ते शहर आज देशाची राजधानी आहे. आणि ती जेथे पोहोचली, तो किल्ला मराठवाड्यात आहे. त्यामुळे मराठी वाचकाला ही हकीकत दोन्ही टोकांनी जवळची वाटावी.

तो निर्णय खरोखर वेडेपणाचा होता काय? त्याची किंमत कोणी मोजली? आणि तो फसल्यानंतर मागे काय उरले? या प्रश्नांची उत्तरे 'तुघलकी' या एका शब्दात मिळत नाहीत.

देवगिरी

देवगिरी ही यादवांची राजधानी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने तिला राजधानीचे वैभव प्राप्त करून दिले. पुढे रामचंद्रदेव यादवाच्या कारकिर्दीत, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी अलाउद्दीन खिलजी घोडदळ घेऊन अचानक देवगिरीवर चालून आला. यादवांची मुख्य फौज त्या वेळी राजधानीत नव्हती. वेढ्याच्या घाईत किल्ल्यात जी पोती नेली, त्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, किल्ला कितीही अभेद्य असला तरी आतल्या माणसांना खायला लागते, हे तिने नेमके सांगितले आहे. रामचंद्रदेवाने खंडणी मान्य केली. पुढील वीसबावीस वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले आणि देवगिरी दिल्लीच्या सत्तेखाली आली.

हा किल्ला आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. सपाट प्रदेशातून एकदम वर उठलेला, सुमारे दोनशे मीटर उंचीचा एकाकी डोंगर. त्याच्या खालच्या भागाचा कडा चोहोबाजूंनी भिंतीसारखा उभा तासलेला. पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक. वर जाण्याचा मार्ग डोंगराच्या पोटातून काढलेल्या काळोख्या भुयारातून. त्यालाच 'अंधारी' म्हणतात. सभोवती तटबंदीची एकामागून एक कडी. हे सर्व काम एका राजाचे नाही. यादवांनंतर अनेक सत्तांनी त्यात भर घातली. परंतु चौदाव्या शतकातही देवगिरीची ख्याती दख्खनमधील सर्वांत बळकट स्थान अशीच होती.

महंमद तुघलकाला हा प्रदेश ऐकून माहीत नव्हता. राजपुत्र असताना त्याने दक्षिणेत मोहिमा केल्या होत्या आणि १३२३ मध्ये वरंगळ जिंकले होते. तो सुलतान झाल्यावर थोड्याच काळात दक्षिणेतील सागर येथे त्याच्या आतेभावाने, बहाउद्दीन गुर्शस्पने, बंड केले. ते मोडण्याच्या निमित्ताने सुलतान स्वतः देवगिरीस आला. १३२७ च्या सुमारास त्याने या शहराला राजधानीचा दर्जा दिला आणि त्याचे नाव दौलताबाद ठेवले.

तीन साक्षीदार

राजधानी का हलवली, याविषयी समकालीनांत एकवाक्यता नाही. तिघांनी तीन कारणे दिली आहेत. त्यांचे म्हणणे ऐकताना ते कोण होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

पहिला झियाउद्दीन बरनी. तो सुमारे सतरा वर्षे सुलतानाच्या सहवासात होता. देवगिरी साम्राज्याच्या मध्यभागी पडते, दिल्ली, गुजरात, बंगाल, तेलंगण ही सर्व ठिकाणे तेथून जवळपास सारख्या अंतरावर आहेत, हे कारण तो देतो. नकाशा समोर घेतला तर बरनीचा हिशेब पूर्णपणे जुळत नाही. बंगाल देवगिरीहून फारच दूर आहे. तरीही युक्तिवादात तथ्य होते. तुघलकाचे राज्य दक्षिणेत मदुराईपर्यंत पोहोचले होते. दिल्लीहून निघालेले फर्मान तेथे पोहोचेपर्यंत बंडखोराला तयारीसाठी हवा तेवढा वेळ मिळे. बरनीने आपला ग्रंथ १३५७ मध्ये पूर्ण केला. तेव्हा तो वृद्ध, दरबारातून दूर सारलेला आणि विपन्नावस्थेत होता. त्याच्या लेखनातील कडवटपणाचे मूळ काही अंशी या परिस्थितीत असावे.

दुसरा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तो सांगतो की दिल्लीचे लोक रात्री सुलतानाच्या दरबारात शिवीगाळ करणारी पत्रे टाकत. संतापून त्याने शहर रिकामे करण्याची शिक्षा दिली. एका आंधळ्या माणसाला दौलताबादपर्यंत फरफटत नेण्याचा हुकूम झाला आणि तेथे त्याचा केवळ एक पाय पोहोचला, ही अंगावर काटा आणणारी कथा त्याचीच. मात्र इब्न बतूता दिल्लीत आला १३३४ मध्ये, म्हणजे स्थलांतरानंतर काही वर्षांनी. त्याने हे पाहिले नव्हते, ऐकले होते. दुखावलेल्या शहरात अशा कथा वाढत जातात.

तिसरा इसामी. त्याची साक्ष सर्वांत जिव्हाळ्याची आहे, कारण तो स्वतः त्या काफिल्यात होता. वय सुमारे सोळा. त्याच्यासोबत त्याचे नव्वदीतले आजोबा होते. दिल्ली सोडल्यावर पहिला मुक्काम तिलपत येथे पडला. आजचे तिलपत फरिदाबाद जिल्ह्यात, दिल्लीच्या अगदी वेशीवर आहे. म्हातारे आजोबा तेथेच वारले. पुढे नातवाने दौलताबादेत राहून १३५० मध्ये फारसी पद्यात इतिहास लिहिला आणि त्यात सुलतानाला कठोर शब्दांत दोष दिला. त्याला सुलतानाच्या हेतूंत प्रजेविषयीचा द्वेष आणि संशय दिसतो. इसामीचा आश्रयदाता हा तुघलकाविरुद्ध उठून राजा झालेला होता, ही गोष्ट इतिहासकार विसरत नाहीत. पण ज्याने तिलपतला आपल्या आजोबांना माती दिली, त्याचा राग आश्रयदात्याला खूश करण्यासाठीच होता, असेही कोणी म्हणू नये.

कोण गेले, कोण राहिले

दिल्ली इतकी ओसाड झाली की मांजर-कुत्रेही उरले नाही, अशा आशयाचे वर्णन बरनीने केले आहे. शालेय पुस्तकांतून हेच चित्र पिढ्यान्‌पिढ्या पुढे आले. पुरावे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. दिल्लीजवळील नारायणा आणि सरबन या गावी दोन संस्कृत शिलालेख मिळाले. ते इसवी सन १३२७ व १३२८ चे आहेत. त्यांत व्यापारी कुटुंबांनी विहिरी बांधल्याच्या नोंदी आहेत आणि दिल्लीनगरीची प्रशंसा आहे. शहर उजाड होत असते, तर त्याच वर्षी कोणी नवी विहीर कशाला खोदली असती? या काळात दिल्ली आणि दौलताबाद या दोन्ही ठिकाणच्या टांकसाळी नाणी पाडत होत्या. सुलतानाने दिल्लीत जहाँपनाह नावाचे तटबंदीयुक्त शहरही उभारले; त्यातील विजय मंडल या राजवास्तूचे अवशेष आणि जवळच असलेला सतपुला हा सात कमानींचा बंधारा आजही दक्षिण दिल्लीत पाहता येतो.

म्हणून आजचे बहुतेक अभ्यासक मानतात की सर्व दिल्लीकरांना हलवले गेले नव्हते. राजघराणे, अमीर-उमराव, अधिकारी, काजी, विद्वान, सूफी संत आणि या सर्वांवर ज्यांचे पोट अवलंबून होते ते कारागीर, नोकरचाकर, गुलाम, यांना प्रामुख्याने जावे लागले. सुलतानाची आई मखदूमा-ए-जहाँ आणि तिचा परिवार सुरुवातीलाच रवाना झाला. प्रवासासाठी व नव्या ठिकाणी स्थिरावण्यासाठी सुलतानाने सढळ हाताने पैसा दिल्याचे बरनीही कबूल करतो. दिल्ली-दौलताबाद मार्गावर दुतर्फा झाडे लावलेली होती, टप्प्याटप्प्यावर डाकेची ठाणी होती. इब्न बतूताला तर हा रस्ता बागेतून गेल्यासारखा वाटला.

तरीही अंतर सुमारे अकराशे किलोमीटर आणि वाटचाल चाळीस दिवसांची. ती धडधाकट तरुणाला जमेल. नव्वदीच्या वृद्धाला, तान्ह्या बाळाला, आजाऱ्याला कशी जमावी? हिशेबात घराची किंमत धरता येते. ज्या गल्लीत सात पिढ्या नांदल्या, ज्या कबरस्तानात आईवडील निजले, त्यांची किंमत कोणत्याही खजिन्यातून चुकती होत नाही. रोजगारासाठी गाव सोडून महानगरात आलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. त्यातही फरक आहे. तो निदान स्वतःच्या पायांनी निघालेला असतो.

कॉन्स्टंटाइनचे शहर

राजधानी हलवणारा तुघलक हा काही जगातील पहिला राजा नव्हता. त्याच्या हजार वर्षे आधी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने हेच केले होते आणि त्याचे नाव मात्र इतिहासात आदराने घेतले जाते. दोघांची तुलना केली तर दौलताबादेचे अपयश अधिक स्पष्ट होते.

कॉन्स्टंटाइन ३२४ मध्ये संपूर्ण रोमन साम्राज्याचा एकमेव सम्राट झाला. त्याच्याही राज्याचा पसारा रोमहून सांभाळणे अवघड झाले होते. आधीच्या पिढीतील सम्राट डायोक्लेशियन याने पूर्वेकडे निकोमिडिया येथे आपले आसन ठेवले होते. कॉन्स्टंटाइनने त्याच्याजवळच बायझँटियम हे जुने ग्रीक शहर निवडले, ते वाढवले आणि ११ मे ३३० रोजी त्याची समारंभपूर्वक प्रतिष्ठापना केली. हेच कॉन्स्टँटिनोपल, आजचे इस्तंबूल. दूरदूरच्या देवळांतून आणि नगरांतून पुतळे व स्तंभ आणून त्याने ते सजवले. या बाबतीत तोही काही कमी हौशी वा कमी निष्ठुर नव्हता.

मग त्याचे शहर टिकले कशामुळे? पहिले कारण जागेचे. साम्राज्याला धोका होता तो डॅन्यूब नदीपलीकडील टोळ्यांचा आणि पूर्वेला इराणच्या राजांचा. नवी राजधानी या दोन्ही सीमांच्या मध्ये, युरोप आणि आशिया जेथे भेटतात त्या सामुद्रधुनीवर होती. म्हणजे सम्राट संकटाच्या जवळ गेला. तुघलकाने नेमके उलटे केले. दक्षिणेची बंडे आटोक्यात ठेवण्यासाठी तो देवगिरीला आला खरा. पण दिल्लीच्या सुलतानांवरील सर्वांत मोठे संकट वायव्येकडून, मंगोलांच्या स्वाऱ्यांच्या रूपाने येत असे. याच सुमारास मंगोल सरदार तर्माशिरीन याने उत्तर हिंदुस्थानात मुसंडी मारल्याचे उल्लेख आहेत. दौलताबादेत बसून पंजाबची राखण करणे शक्य नव्हते.

दुसरे कारण अन्नपाण्याचे. कॉन्स्टँटिनोपलला तीन बाजूंनी पाणी. इजिप्तचे धान्य जहाजांतून थेट शहराच्या धक्क्याला लागे. ३३२ पासून नागरिकांना मोफत भाकरी वाटण्याची व्यवस्था सुरू झाली. गोड्या पाण्याची टंचाई होती, ती चौथ्या शतकातच व्हॅलेन्स या सम्राटाच्या काळात प्रचंड कमानींवरून पाणी आणून दूर करण्यात आली. दौलताबादजवळ मोठी नदी नाही. टाकी, हौद आणि मातीचे नळ यांवर किल्ल्याची आणि गावाची भिस्त. सैन्याच्या तळाला ते पुरेसे असेल. साम्राज्याच्या राजधानीचा पोशिंदा होण्याइतके धान्य बैलांच्या पाठीवरून घाट चढवून आणणे हे निराळेच काम. सुलतान दौलताबादेत असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचे पाणी चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणले जाई, अशी नोंद इब्न बतूताने केली आहे. सुलतानाला गंगा मिळाली. इतरांना मराठवाड्याचा उन्हाळा.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण सक्तीचे. कॉन्स्टंटाइनने रोम रिकामे केले नाही. जुनी राजसभा तेथेच राहिली. नव्या शहरात आलेल्यांना घरे आणि सवलती मिळाल्या. शहर भरायला अर्धशतक लागले, सम्राट तेथे कायमचे राहू लागले तेही त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. तुघलकाजवळ एवढा धीर नव्हता. जे दोन पिढ्यांत आपसूक घडले असते, ते त्याला एका हुकमाने हवे होते.

परतीची वाट

१३३४ च्या सुमारास मदुराईचा सुभेदार जलालुद्दीन अहसन शाह स्वतंत्र झाला. त्याच्यावर निघालेल्या सुलतानाच्या सैन्यात वरंगळजवळ साथ पसरली, असंख्य माणसे मेली आणि तो स्वतःही आजारी पडला. परत येताना त्याचा एक दात पडला. बीडजवळ त्याने तो पुरून वर थडगे बांधले, असे सांगतात. माणसांच्या थडग्यांची नोंद कोणी ठेवली नाही. राजाच्या दाताची मात्र राहिली!

त्यानंतर ज्यांना परतायचे असेल त्यांनी दिल्लीला परतावे, अशी मुभा देण्यात आली. हजारो माणसांनी पुन्हा तीच वाट धरली. उत्तरेत तेव्हा भीषण दुष्काळ होता. गंगा-यमुनेच्या दुआबात करवाढीने आधीच शेतकरी देशोधडीला लागलेला. दिल्लीत धान्य मिळेना म्हणून सुलतानाने कनौजजवळ गंगाकाठी 'स्वर्गद्वारी' नावाची छावणी वसवली आणि अवधचे धान्य तेथे आणवून काही वर्षे तेथूनच कारभार केला. म्हणजे दिल्ली आणि दौलताबाद यांच्या जोडीला ही तिसरी राजधानीच म्हणायची. मात्र या वेळी जागा निवडताना त्याने नदी आणि धान्य पाहिले होते, हे विशेष.

दौलताबादेची कहाणी येथे संपली नाही. १३४७ मध्ये दख्खनमधील अमीरांनी बंड करून हा किल्ला ताब्यात घेतला. सुलतान धावून आला, त्याने वेढा घातला. पण ज्या बळकटपणाला भुलून त्याने ही जागा निवडली, तोच आता त्याच्या विरुद्ध उभा राहिला. किल्ला हाती येण्यापूर्वीच गुजरातेतील तगी नावाच्या बंडखोरामागे त्याला जावे लागले. ३ ऑगस्ट १३४७ रोजी दौलताबादेत हसन गंगू हा बहमनशाह म्हणून तख्तावर बसला आणि दख्खन दिल्लीच्या हातून गेली. नव्या राजाने आपली राजधानी गुलबर्ग्याला नेली. तगीचा पाठलाग करता करता मार्च १३५१ मध्ये सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ महंमद तुघलकाचा मृत्यू झाला.

जे परतले नाहीत

राजधानी परत गेली. सगळी माणसे मात्र परत गेली नाहीत. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दौलताबादेस आले होते. १३३७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. जवळच्या खुलताबाद येथे त्यांचा दर्गा आहे. दिल्लीचे प्रख्यात फारसी कवी अमीर हसन यांचीही कबर तेथेच आहे. उत्तरेकडून आलेल्या या मंडळींच्या बोलीत मराठी, तेलुगू, कन्नड शब्द मिसळत गेले आणि त्यातून दखनी भाषा आकाराला आली. बहमनी आणि नंतरच्या सत्तांच्या दफ्तरांतून फारसी-अरबी शब्द मराठीत उतरले. जमीन, कायदा, अर्ज, फिर्याद, वकील, शहर, बाजार या शब्दांना आज कोणी परके म्हणणार नाही. पुढे सोळाव्या शतकात याच किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सहवासात पैठणच्या एकनाथांचे शिक्षण झाले.

गिरीश कर्नाड यांनी या सुलतानावर १९६४ मध्ये कन्नडमध्ये 'तुघलक' हे नाटक लिहिले आणि विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. त्यातील सुलतान वेडा नाही. तो विद्वान, स्वप्नाळू आणि म्हणूनच अधिक भयंकर आहे. बरनीलाही तो असाच कोड्यात टाकणारा वाटला होता.

दिल्लीहून दौलताबादेस आलेल्या कुटुंबांपैकी एकात सय्यद महंमद नावाचा लहान मुलगा होता. वडील दौलताबादेत वारले, खुलताबादेत त्यांना पुरले. मुभा मिळाल्यावर मुलगा आईसोबत दिल्लीला परतला, तेथे शिकला आणि मोठा सूफी संत झाला. लोक त्यांना गेसूदराज म्हणू लागले. १३९८ मध्ये तैमूरचे सैन्य दिल्लीच्या दिशेने येऊ लागले, तेव्हा वयाच्या सत्याहत्तरीत त्यांनी दिल्ली सोडली आणि पुन्हा दक्षिणेची वाट धरली. या वेळी कोणाचा हुकूम नव्हता. दौलताबादेजवळ येऊन त्यांनी आधी वडिलांच्या कबरीचे दर्शन घेतले आणि मग ते गुलबर्ग्याला गेले. १४२२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.